दिसत नाही ते नाही, असे नव्हे : द्रावणाच्या पाठाविषयी

(केंद्रातील शिक्षण परिषदेसाठी व्याख्यान)



प्राथमिक शाळेच्या विज्ञानात काही पाठ असे असतात की, ते पुस्तकात दोन पानांत मावतात आणि वर्गात अर्ध्या तासात उरकतात. द्रावणाचा पाठ हा त्यांपैकीच एक होय. शिक्षक पेल्यात पाणी घेतो, चमचाभर साखर टाकून ढवळतो आणि फळ्यावर तीन व्याख्या लिहितो : जे विरघळते ते द्राव्य, ज्यात विरघळते तो द्रावक आणि दोहोंचे सर्वत्र सारखे झालेले मिश्रण ते द्रावण. मुले व्याख्या उतरून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितात. पाठ झाला असे सर्वांस वाटते. परंतु त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी सहज विचारावे, "साखर गेली कुठे?" बरीच मुले सांगतात, "नाहीशी झाली." कोणी म्हणतो, "संपली." कोणी म्हणतो, "तिचे पाणी झाले." व्याख्या वहीत उतरली, मनात मात्र साखर नाहीशीच झालेली असते.

हा दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. स्वित्झर्लंडमधील विख्यात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आपल्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांच्यासह साखरेचे खडे पाण्यात टाकून लहान मुलांना हेच प्रश्न विचारले होते आणि त्यांचे निष्कर्ष १९४१ साली प्रसिद्ध झाले. लहान वयाची मुले साखर उरलीच नाही असे मानतात. थोडी मोठी मुले गोडी उरली असे मानतात, पण वजन उरले असे मानीत नाहीत. आणि पदार्थ, वजन व आकारमान या तिन्ही गोष्टी टिकतात हे कळावयास आणखी काही वर्षे जावी लागतात. जिनिव्हाच्या मुलांची ही वाटचाल सावली तालुक्यातील मुलांची नसेल असे मानण्यास कारण नाही. डोळ्यांना जे दिसेनासे होते ते मुलाच्या लेखी नसते. द्रावणाच्या पाठाचे खरे काम हा समज बदलणे हे आहे, व्याख्या त्यानंतरच्या.

हे काम महत्त्वाचे का? सावली तालुक्याच्या गावांत मूल विहिरीचे, हातपंपाचे किंवा नळाचे पाणी पिते. पाणी नितळ दिसले की ते चांगले, असे घरात म्हटले जाते. गढूळ पाण्याविषयी लोक सावध असतात. नितळ पाण्याविषयी कोणी शंका घेत नाही. परंतु पाण्यातून होणाऱ्या अपायांपैकी काही अपाय विरघळलेल्या द्रव्यांचे असतात, आणि विरघळलेले द्रव्य दिसत नाही. 'दिसत नाही म्हणून नाही' असे मानणारे मूल मोठे होऊन तसेच मानणारा पालक होईल. यास्तव हा लहानसा पाठ गावाच्या आरोग्याशी जोडलेला आहे.

प्रथम शब्दांची गोष्ट. बोलण्यात मुले 'बर्फ विरघळला' असे म्हणतात आणि 'साखर वितळली' असेही म्हणतात. शिक्षकाने येथे रागावू नये. दोन उदाहरणे शेजारी ठेवून भेद दाखवावा. मेणबत्तीचे मेण उष्णतेने वितळते. तेथे दुसऱ्या पदार्थाची गरज नसते, घन मेणाचे द्रव मेण होते एवढेच. तेच मेण पाण्यात टाकले तर विरघळत नाही. मीठ पाण्यात विरघळते. तेथे उष्णता नसली तरी चालते, पण पाणी मात्र पाहिजेच. वितळण्यास उष्णता लागते आणि विरघळण्यास सोबती लागतो, एवढे सूत्र चौथीच्या मुलासही पेलते. गूळ कढईत तापविला तर वितळतो आणि पाण्यात टाकला तर विरघळतो. या एका उदाहरणाने दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात.

आता प्रयोगांकडे वळावे. सावलीच्या शिक्षकाला हातांनी करून शिकण्याची कल्पना परकी नाही. खादीचे केंद्र असलेल्या या गावी १९३६ साली गांधी सेवा संघाचे संमेलन भरले होते आणि महात्मा गांधी त्यास उपस्थित होते. पुढील वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार देशापुढे मांडला गेला. त्या योजनेचे पुढे काय झाले हा वेगळा विषय आहे. परंतु मुलाच्या हाताने जे पाहिले ते त्याच्या मनात टिकते, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे. पुढील प्रयोगांस प्रयोगशाळा लागत नाही. मीठ, पाणी, तराजू, बाटली, पेले आणि थोडी शाई एवढे साहित्य पुरे.

पहिला प्रयोग वजनाचा. किराणा दुकानातून तराजू मागून आणावा. एका पारड्यात पाण्याने अर्धा भरलेला पेला, मिठाची कागदी पुडी आणि चमचा ठेवावा. दुसऱ्या पारड्यात वजने टाकून तराजू समतोल करावा. आता मीठ पाण्यात टाकून ढवळण्यापूर्वी मुलांना विचारावे : "मीठ दिसेनासे झाले म्हणजे हे पारडे वर जाईल, खाली जाईल की तसेच राहील?" प्रत्येक मुलाकडून उत्तर घ्यावे आणि फळ्यावर मोजून लिहावे. मग मीठ विरघळवावे आणि रिकामा कागद व चमचा विसरता पुन्हा त्याच पारड्यात ठेवू नये असे होऊ देऊ नये. तो राहिला तर प्रयोग फसतो. पारडे हलत नाही. ज्या मुलाने 'वर जाईल' असे सांगितले होते तेच मूल या क्षणी सर्वांत जास्त शिकते. म्हणून अंदाज आधी घेणे हा प्रयोगाचा प्राण होय.

दुसरा प्रयोग मीठ परत मिळविण्याचा. तेच मिठाचे पाणी पसरट स्टीलच्या ताटलीत ओतून उन्हात ठेवावे. चंद्रपूर जिल्ह्याचे ऊन या कामी उदार आहे. पाणी उडून जाते आणि ताटलीत मिठाचे पांढरे कण उरतात. समुद्रकाठच्या मिठागरांतही हेच घडते. येथे साखर घेऊ नये. साखरेचे पाणी आटत आले की चिकट होते, त्यावर मुंग्या येतात आणि मुलांना साखर परत मिळाल्याचे स्पष्ट दिसत नाही.

तिसरा प्रयोग जागेचा. अरुंद गळ्याच्या पारदर्शक बाटलीत पाणी घेऊन त्यात बरेच मीठ टाकावे आणि लगेच पाण्याच्या पातळीवर दोरा बांधावा. मग झाकण लावून मीठ विरघळेपर्यंत हलवावे आणि बाटली थोडा वेळ स्थिर ठेवावी. पातळी दोऱ्याच्या किंचित खाली आलेली दिसते. १०० मिलिलिटर पाणी आणि ३६ ग्रॅम मीठ यांची मिळून सुमारे ११६ ते ११७ मिलिलिटर जागा व्हावयास हवी; प्रत्यक्षात द्रावण ११४ मिलिलिटरच्या आसपास भरते. वजन कमी झाले नाही, पण जागा थोडी कमी झाली. याचा अर्थ पदार्थ अतिशय बारीक कणांचे बनलेले असून ते एकमेकांशेजारी नव्या रीतीने दाटीने बसले. 'कण' ही कल्पना मुलांस व्याख्येने पटत नाही. ती या दोऱ्याने पटते.

चौथा प्रयोग मर्यादेचा. १०० मिलिलिटर पाण्यात मीठ चमच्याचमच्याने टाकीत जावे. सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळल्यावर पुढचे मीठ कितीही ढवळले तरी तळाशी बसते. द्रावण संपृक्त झाले. तेवढ्याच पाण्यात साखर मात्र सुमारे २०० ग्रॅम मावते, म्हणजे पाण्याच्या दुप्पट वजनाची! यावर मुलांचा प्रथम विश्वास बसत नाही. म्हणूनच तो प्रयोग करण्याजोगा आहे. पाणी तापविले की साखर आणखी पुष्कळ विरघळते. घरचा पाक याचीच साक्ष देतो. मिठाची मर्यादा मात्र उष्णतेने फारशी वाढत नाही; उकळत्या पाण्यातही ती ३९ ग्रॅमच्या आसपासच राहते. चुन्याची गोष्ट तर उलटीच आहे : गार पाण्यात तो अगदी थोडा विरघळतो आणि गरम पाण्यात त्याहूनही थोडा. यास्तव 'तापविले की सर्व पदार्थ जास्त विरघळतात' असे सरसकट सांगू नये.

याच ठिकाणी वर्गात एक चूक वारंवार होते. ढवळल्याने, कुटून बारीक केल्याने आणि तापविल्याने पदार्थ 'जास्त विरघळतो' असे एका दमात सांगितले जाते. वास्तविक ढवळण्याने व कुटण्याने पदार्थ लवकर विरघळतो. किती विरघळेल ही मर्यादा त्याने बदलत नाही. मर्यादा ठरते ती द्राव्य कोणते, द्रावक कोणता आणि तापमान किती यांवर. 'लवकर' आणि 'जास्त' हे दोन शब्द फळ्यावर वेगळे लिहावेत आणि मुलांकडून प्रत्येकाखाली उदाहरणे लिहवून घ्यावीत.

पाचवा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा, आणि तो पुस्तकी पाठात क्वचितच येतो. सात पेले ओळीने मांडावेत. पहिल्या पेल्यात शाई घ्यावी. त्यातील एक चमचा दुसऱ्या पेल्यात घेऊन त्यात नऊ चमचे पाणी मिसळावे. दुसऱ्यातील एक चमचा तिसऱ्यात, त्यात पुन्हा नऊ चमचे पाणी. आणि असे सातव्या पेल्यापर्यंत. प्रत्येक वेळी चमचा धुऊन घ्यावा. रंग फिका होत जातो आणि पुढच्या कोणत्या तरी पेल्यात डोळ्यांना दिसेनासा होतो. तेथे थांबून विचारावे : "या पेल्यात शाई आहे की नाही?" ज्या मुलांनी वजनाचा प्रयोग केला आहे ती मुले थोडा विचार करून म्हणतात, "आहे, पण दिसत नाही." दुसऱ्या पेल्यात दहात एक भाग शाई, तिसऱ्यात शंभरात एक, चौथ्यात हजारात एक, आणि सातव्या पेल्यात दहा लाखांत एक भाग. गणिताचा तास येथेच होतो. हा सातवा पेला लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

हे घडते कसे, हे शिक्षकाला स्वतःला नीट ठाऊक असले पाहिजे. मुलांस किती सांगावे हा नंतरचा प्रश्न. पाण्याचा रेणू हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून बनतो. त्यात ऑक्सिजनच्या बाजूस किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूस किंचित धन प्रभार असतो. मिठाच्या खड्यात सोडियमचे धनप्रभारित आणि क्लोरीनचे ऋणप्रभारित कण एकमेकांस धरून ओळीने बसलेले असतात. खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू सोडियमकडे आपली ऋण बाजू आणि क्लोरीनच्या कणाकडे आपली धन बाजू करून त्यांस चहूंकडून वेढतात, ओढतात आणि खड्यापासून सोडवून नेतात. साखरेचा रेणू असा फुटत नाही. तो सबंध राहतो, पण पाण्याचे रेणू त्याच्याशीही सलगी करतात आणि त्यास दूर नेतात. तेलाच्या रेणूंत अशी धन-ऋण बाजू जवळजवळ नसते. त्यामुळे पाणी आपल्या सोबत्यांस सोडून तेलात शिरत नाही आणि तेल वर तरंगते.

लहान मुलांस धन आणि ऋण प्रभार सांगू नये. त्यांना यात्रेचा दाखला पुरे. महाशिवरात्रीस वैनगंगेकाठी मार्कंड्याची यात्रा भरते तेव्हा माणसांची एकच गर्दी दिसते. यात्रा उठली की गर्दी दिसेनाशी होते. पण माणसे नाहीशी होत नाहीत, ती वाटावाटांनी आपापल्या गावी पांगतात. मिठाचा खडा म्हणजे यात्रेची गर्दी. विरघळणे म्हणजे पांगणे. हा दाखला तिसरीच्या मुलासही कळतो, आणि पुढे मोठ्या वर्गात गेल्यावर त्यास विसरावाही लागत नाही.

पाण्यात मिसळलेली प्रत्येक गोष्ट मात्र विरघळलेली नसते. पावसाळ्यातील वैनगंगेचे पाणी हे द्रावण नव्हे. त्यातील माती केवळ तरंगत असते. ते पाणी पेल्यात स्थिर ठेवले की माती तळाशी बसते आणि दुपदरी कापडातून गाळले की पुष्कळशी वर राहते. अगदी बारीक कण राहिले तर तुरटी फिरविल्याने ते एकत्र येऊन खाली बसतात. मिठाचे पाणी कितीही दिवस ठेवले तरी मीठ तळाशी बसत नाही आणि कितीही पदरी कापडातून गाळले तरी खारटपणा जात नाही. खोली अंधारी करून विजेरीचा झोत दोन्ही पेल्यांतून सोडावा : मिठाच्या स्वच्छ पाण्यातून झोताची वाट दिसत नाही, दोन थेंब दूध टाकलेल्या पाण्यातून मात्र ती धुरकट पट्ट्यासारखी दिसते. दूध हेही द्रावण नव्हे. त्यात स्निग्धाचे थेंब विखुरलेले असतात. बसू देणे, गाळणे आणि तुरटी फिरविणे हे तिन्ही उपाय तरंगणाऱ्या कणांवर चालतात. विरघळलेल्या मिठासारख्या द्रव्यांवर चालत नाहीत. हे वाक्य मुलांकडून पाठ करून न घेता प्रयोगांतून काढून घ्यावे, कारण पुढचा सर्व विषय त्यावर उभा आहे.

आता विहिरीच्या पाण्याकडे यावे. पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकांच्या भेगांतून हळूहळू वाहते आणि वाटेत त्या खडकांतील द्रव्ये थोडीथोडी विरघळवून घेते. म्हणून कोणतेही भूजल निव्वळ पाणी नसते. ते द्रावण असते. एक लिटर पावसाचे पाणी आणि एक लिटर हातपंपाचे पाणी सारख्या भांड्यांत आटवून पाहावे. हातपंपाच्या भांड्यात पांढरा थर उरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या एकूण द्रव्यांचे इष्ट प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही सर्व द्रव्ये वाईट नसतात. पाण्याची चव त्यांचीच असते. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार अधिक असले की पाणी जड होते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. ही खूण प्रत्येक घरातील आईला ठाऊक असते. मुलांनी तिलाच विचारून यावे.

परंतु काही द्रव्ये अशी असतात की त्यांना रंग नसतो, वास नसतो आणि तेवढ्या प्रमाणात चवही लागत नाही. फ्लोराइड हे त्यांपैकी होय. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात ग्रॅनाइट व नीस जातीचे अतिप्राचीन खडक आहेत. अशा खडकांतील काळे अभ्रक, ॲपेटाइट यांसारख्या खनिजांत फ्लोराइड असते आणि ते पाण्यात उतरते. जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेहून अधिक आढळलेले आहे. ते सर्वत्र सारखे नसते. एकाच गावातील दोन हातपंपांतही अंतर असू शकते. याचे एक कारण द्रावणाच्या पाठातच आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडशी संयोग पावून कॅल्शियम फ्लोराइड बनते. ते पाण्यात फारच थोडे विरघळते आणि फ्लोराइड खडकातच राहते. कॅल्शियम कमी आणि सोडियम व बायकार्बोनेट अधिक असेल तर फ्लोराइड पाण्यात मोकळे राहते. विद्राव्यतेची मर्यादा ही केवळ पेल्यातील गंमत नव्हे. जमिनीखाली ती गावाचे पाणी ठरविते.

भारतीय मानकानुसार फ्लोराइडचे इष्ट प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही अखेरची मर्यादा आहे. एक लिटर पाणी म्हणजे सुमारे दहा लाख मिलिग्रॅम. म्हणजे ही मर्यादा दहा लाखांत दीड भाग इतकी आहे. मुलांस येथे शाईच्या सातव्या पेल्याची आठवण द्यावी. हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम, म्हणजे पाव चमचा मिठाएवढे फ्लोराइड झाले की मर्यादा गाठली गेली. अल्प प्रमाणात दातांस उपकारक असलेले हेच द्रव्य मर्यादेपलीकडे वर्षानुवर्षे पोटात गेले की प्रथम दात आणि पुढे हाडे बिघडविते. हिरड्यांच्या आत दात घडत असतानाच्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, हा परिणाम दातांवर उमटतो आणि तो नंतर पुसता येत नाही. पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. त्यावर औषध नाही, पाणी बदलणे हाच उपाय.

मुलांचे दात दररोज जवळून पाहणारा माणूस गावात शिक्षकच आहे. दातांवर आडवे, दोन्ही बाजूंस सारखे, पांढुरके किंवा पिवळट-तपकिरी पट्टे असतील आणि घासूनही जात नसतील, आणि असे दात एकाच टोल्यातील, एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या अनेक मुलांचे असतील, तर त्याची नोंद करावी. प्रत्येक डाग फ्लोराइडचा नसतो. खर्रा व तंबाखूचेही डाग असतात, आणि निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. शिक्षकाने मुलाला 'दात घासत नाहीस' म्हणून चारचौघांत बोलू नये. कदाचित दोष त्याचा नसून पाण्याचा असेल. नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रास व ग्रामपंचायतीस कळवावी आणि जलसुरक्षकास पाण्याचा नमुना तपासणीस पाठविण्याची विनंती करावी. नमुना स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत, ती त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावा आणि बाटलीवर स्रोताचे नाव व तारीख लिहावी.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. 'पाणी उकळले की शुद्ध होते' असे शाळेत शिकविले जाते. उकळल्याने रोगजंतू मरतात, म्हणून उकळणे योग्यच आहे. पण विरघळलेले क्षार त्याने जात नाहीत. समजा, लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले दोन लिटर पाणी आटवून एक लिटर केले. पाणी निम्मे झाले, फ्लोराइड ४ मिलिग्रॅम होते तेवढेच राहिले. म्हणजे प्रमाण दुप्पट झाले. हे गणित सहावीच्या मुलांकडून करवून घ्यावे. फ्लोराइड काढण्यास वेगळी रीत लागते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे 'नीरी'ने, तुरटी व चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड खाली बसविण्याची रीत शोधून काढली. ती 'नलगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. यात तुरटीचे प्रमाण पाणी तपासून ठरवावे लागते, म्हणून अंदाजाने ती घरी करू नये. सुरक्षित ठरलेल्या दुसऱ्या विहिरीचे किंवा स्वच्छ साठविलेल्या पावसाचे पाणी हा पुष्कळदा सर्वांत सोपा मार्ग असतो.

विरघळणे जसे अपायकारक होऊ शकते तसे ते जीवही वाचविते. जुलाबाने अंगातील पाणी व क्षार निघून जातात आणि लहान मूल काही तासांत दगावू शकते. नुसते पाणी पाजून भागत नाही. आतड्यात ग्लुकोज व सोडियम हे जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जाते. हे ज्ञान झाल्यावर साखर व क्षार यांचे द्रावण तोंडाने देण्याची रीत निघाली. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि तेथील पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. हीच जलसंजीवनी. आजच्या पुडीत लिटरभर पाण्यासाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते.

येथे सर्व भार प्रमाणावर आहे. पुडी एक लिटरची असता ती पेलाभर पाण्यात कालविली तर द्रावण तीव्र होते आणि ते अंगात पाणी घालण्याऐवजी अंगातील पाणी आतड्यात ओढून घेते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशीग नव्हे, सपाट. द्रावण झाकून ठेवावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. मीठ घातलेली तांदळाची पेजही या कामी उपयोगी पडते. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, पिईनासे झाले तर पाजीत पाजीत तत्काळ दवाखाना गाठावा. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाने लिटरचे माप ओळखून हे द्रावण वर्गात एकदा स्वतः करावे. संपृक्ततेची व्याख्या विसरली तरी चालेल. हा सपाट चमचा विसरता कामा नये.

पाण्यात घन पदार्थच विरघळतात असे नाही; वायूही विरघळतात, आणि त्यांचा नियम उलट आहे. पाणी तापले की त्यातील वायू बाहेर पडतो. पातेल्यातील पाणी उकळण्याच्या बरेच आधी काठाला जे लहान बुडबुडे दिसतात ते विरघळलेल्या हवेचे. २० अंश तापमानास लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांस साडेसात. आसोला-मेंढ्यासारखा मोठा तलाव असो की गावची बोडी असो, मासे याच ऑक्सिजनवर जगतात. रात्री पाणवनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, खर्च मात्र चालू राहतो. म्हणून उन्हाळ्यात आटलेल्या बोडीत पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. ढिवर समाजाच्या मुलांनी हे पाहिलेले असते. वर्गात त्यांनी सांगावे आणि शिक्षकाने कारण जोडावे. तो तास त्या मुलांचा असावा.

तसेच धानाच्या बांधीचे. बांधीत टाकलेला युरिया पाण्यात झपाट्याने विरघळतो आणि बांध फुटला तर पाण्याबरोबर निघून जातो, हे शेतकऱ्याच्या मुलास सांगावे लागत नाही. तो कुठे जातो, एवढेच विचारावे. बांधीतून नाल्यात, नाल्यातून वैनगंगेत, तेथून प्राणहितेत, गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात, अशी विरघळलेल्या द्रव्याची वाट नकाशावर बोटाने दाखवावी. नद्यांनी युगानुयुगे आणलेल्या अशाच द्रव्यांनी समुद्र खारट झाला. त्याच्या एका किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात.

शेवटी दोन सूचना. चव फक्त मिठाच्या व साखरेच्या द्रावणाची घ्यावी. युरिया, तुरटी, शाई किंवा अनोळखी द्रव यांची चव घेऊन पाहण्याची सवय मुलांस कदापि लावू नये. आणि तापविण्याचे काम शिक्षकाने स्वतः करावे.

पाठ झाला की नाही याची परीक्षा व्याख्येने घेऊ नये. दोन सारखे पेले मांडावेत; एकात पावसाचे पाणी, दुसऱ्यात चिमूटभर मीठ विरघळविलेले पाणी. दोन्ही नितळ. मग विचारावे, "यांतील निव्वळ पाणी कोणते?" जे मूल लगेच बोट दाखवील त्यास पुन्हा तराजूकडे न्यावे. जे मूल म्हणेल, "पाहून सांगता येणार नाही, तपासावे लागेल," त्याला हा पाठ समजला. पुढील परिषदेस प्रत्येक शाळेने गावातील प्रत्येक स्रोताचे लिटरभर पाणी आटवून काय उरले याची नोंद आणावी, आणि त्या स्रोताची शेवटची तपासणी कधी झाली हेही ग्रामपंचायतीत विचारून लिहून आणावे.